तुडतुड्याचं बियाणं

आज सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि झाडूला तुडतुडे लागले. पाटीवरचा दिवा रात्री बंद करायचा राहिला होता. त्याच्याखाली, पायरीवर, तपकिरी भुसा सांडावा तसे ते पसरले होते. भुसा झाडला की पुढे सरकतो. हे झाडले की निम्मे उडी मारून पुन्हा मागे येतात. मी सुपलीत भरले, साबणाच्या पाण्यात टाकले, हात धुतले आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, आजच्या कामांच्या वर, लिहिलं: तुडतुडे आले.

खाली कामं. मुदत संपत आलेला माल वेगळा काढायचा. फवारणीचे हातमोजे मागवायचे. कोणी घेत नाही, तरी मागवायचे. वजनकाट्याचं प्रमाणपत्र. दादाला फोन.

यातलं शेवटचं काम खरं तर पहिलं. पण ऑक्टोबरात दादाचा नंबर लावताना माझं बोट अजूनही क्षणभर थांबतं.

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. माहेर नवेगाव बांधच्या अंगाला, तलावाचं पाणी जिथे कालव्याने पोचतं अशा गावी. तिथली शेती माझा थोरला भाऊ मोरेश्वर करतो. बाकीचा देश ऑक्टोबरला सणांचा महिना म्हणत असेल, आमच्यासाठी तो श्वास रोखून धरायचा महिना. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आलेला असतो, उशिरा येणारा भारी धान नुकता निसवलेला, लोंबी बाहेर पडलेला. लोंबी चिमटली तर बोटाला दूध लागतं. सकाळी धुक्यात बांध्या, धानाची खाचरं, दिसतच नाहीत, फक्त बगळे दिसतात, कशावर उभे आहेत ते कळत नाही. दुपारी ऊन असं लागतं की मानेवर घामोळं येतं. वारा पडतो. धान दाट, खाली पाणी साचलेलं, वर ढगाळ. माणसाला नको वाटणारी ही सगळी हवा तुडतुड्याला मानवते.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तुडतुडा तिळाएवढा. तो पानावर बसत नाही, धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो आणि रस ओढतो. वरून शेत हिरवंगार दिसतं. मग एके दिवशी मधोमध ताटाएवढा गोल पिवळा पडतो. दुसऱ्या दिवशी तो परातीएवढा. चार दिवसांत आतली रोपं वाळून आडवी, जणू कोणी तिथे चूल पेटवली होती. अशा बांधीत पाय घातला की पोटऱ्यांवर तापल्या तेलातली मोहरी उडावी तसे किडे उडतात, आणि एक कुबट, गोडसर वास येतो. तो वास मला आता पायरीवरून झाडू मारतानाही आला. खरं म्हणजे आला नसणार. पण आला.

त्या वर्षी असाच उबारा होता. काही वर्षं झाली. नवरात्रात गावी गेले होते, तेव्हा समाजमंदिरासमोर मांडव घालून प्रवचन चाललं होतं. बाहेरून आलेले महाराज गोड बोलायचे, मध्येच पेटीवर एखादी ओळ म्हणायचे. त्या संध्याकाळी त्यांनी पोरांच्या शिक्षणाचा विषय काढला आणि म्हणाले, "शाळेत शिकवतात, माकडाचा माणूस झाला. झाला असेल बापा! पण मग आमच्या मंदिरावरची माकडं अजून माकडंच का? त्यांची काय परीक्षा राहिली का?"

मांडव हसून हसून पडला. बायकांच्या बाजूला मीही बसले होते. माझ्या शेजारी दादाची मुलगी पल्लवी, दहावीतली. ती हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोच धडा होता आणि शाळेत तो नुकताच झाला होता.

पलीकडून दादा ओरडला, "बाई, तुहं काय म्हननं आहे? तू त बीएस्सी! तू कोन्या माकडाची?"

पुन्हा हशा. मी म्हटलं, "तुझीच बहीण आहे, तूच हिशोब कर." त्यावर मांडवाने माझ्या बाजूने हसून घेतलं आणि विषय संपला. मला पटकन बोलता येतं, असं लोक म्हणतात. पण पटकन बोलणं आणि उत्तर देणं यात फरक असतो. महाराजांच्या प्रश्नाला उत्तर होतं. मी आणि माझी चुलत बहीण एकाच आजोबांच्या, म्हणून काही मी तिची मुलगी होत नाही. आणि मी जन्मले म्हणून ती नाहीशीही होत नाही. माकडं आपली चुलत घराणी. एवढं साधं. ते मला त्या मांडवात सुचलं नाही, परतीच्या एसटीत सुचलं.

त्याच रात्री जेवणानंतर भांडी विसळताना पल्लवी हळूच म्हणाली होती, "आत्या, पेपरात खरं लिहू का पुस्तकातलं?"

हा प्रश्न तिने थट्टेत विचारला असता तर बरं झालं असतं. ती मनापासून विचारत होती. तिच्या डोक्यात दोन कप्पे होते, एक घरातल्या खऱ्याचा आणि एक पेपरातल्या खऱ्याचा, आणि दोन्ही तिने नीट आवरून ठेवले होते. मी म्हटलं, "दोन्ही एकच आहे." ती म्हणाली, "मंग बाबाले सांग ना तसं."

तिचे कप्पे मला ओळखीचे होते. उत्क्रांतीवर मी स्वतः परीक्षेत पानभर लिहिलं होतं. जिराफाची मान, आकृतीसकट. जिराफ मी आजही पाहिलेला नाही. नागझिऱ्याच्या रस्त्यावर रानगवा पाहिलाय, बिबट्याचं शेपूट पाहिलंय. पण शाळेने मला जिराफ दिला, तो मी पाठ केला आणि पेपरात परत केला. त्या सगळ्या वर्षांत एकाही शिक्षकाने बाहेर, शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या बांधीकडे बोट दाखवलं नाही. त्यांना तरी कोणी दाखवलं होतं?

प्रवचन उठलं आणि आठवडाभरात दुकानासमोर मोटरसायकली येऊन थांबू लागल्या. एका दुपारी बरेच जण एकदम आले. सगळे माझ्या माहेरच्या गावचे. पुढे सुखदेव. त्याची शेती दादाच्या शेताला लागून, खालच्या अंगाला. त्याने पिशवी काउंटरवर उलटी केली. औषधाच्या रिकाम्या बाटल्या घरंगळत माझ्या वजनकाट्यापर्यंत आल्या.

"ताई, नकली माल विकून राहिल्या तुमी."

"कोण म्हणतं?"

"तुडतुडा म्हनते." मागे कोणी तरी हसलं. "दोनदा मारलं. वरतून आंघोळ घातली त्याले. मजेत आहे. मोठा झाला उलटा."

"सुखदेव, पक्कं बिल दिलंय, बॅच नंबर आहे. नकली असेल तर नमुना तपासायला पाठवू. मीच अर्ज लिहून देते."

"तपासेपर्यंत धान राहीन का?" तो खरं तेच बोलत होता. त्याच्या मागच्या पोराने मोबाइल वर धरला होता. तो माझं तोंड, माझ्या भिंतीवरचं परवान्याची फ्रेम, बाटल्या, सगळं आळीपाळीने टिपत होता. मी त्याला म्हटलं, "नीट घे, पाटीवरचं नाव राहिलं." गर्दीत अशा वेळी आवाज खाली येऊ द्यायचा नसतो.

आणि मग मला मागे, रसवंतीच्या बंद गाड्याला टेकलेला दादा दिसला. तो आला होता त्यांच्याचबरोबर. मी त्याच्याकडे पाहत राहिले तेव्हा नाइलाजाने पुढे आला आणि बाटल्यांकडे बघत म्हणाला, "बाई, माह्याबी बांधीत नाई मेले."

त्याने खोटं सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

ते गेल्यावर मी ठोक विक्रेत्याच्या माणसाला गोंदियाला फोन लावला. तो नेहमीच्या उत्साहात होता. "मॅडम, माल एकदम ओरिजिनल है। डोज़ बढ़ाने बोलो। साथ में दूसरा वाला मिक्स करवा दो, और वो तीसरा, पावर वाला। पूरा साफ!" मी विचारलं, मागच्या वर्षीही डोस वाढवायला सांगितलं होतं ना? तो म्हणाला, "हां तो, काम किया था ना?"

केलं होतं. तिथेच मला ते जाणवलं. मागच्या वर्षी काम केलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी निम्म्या डोसने केलं होतं. माल बदलला नव्हता. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी दरसाल सांगायची की एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका, आणि पलीकडून उत्तर यायचं, मागच्या वर्षी जे लागू पडलं तेच द्या. हे सांगताना मी सरकारी पत्रकातलं वाक्य सांगत होते. त्या दुपारी पहिल्यांदा मला पत्रकातलं वाक्य आणि माझ्या पेपरातला जिराफ एकमेकांशेजारी उभे दिसले. जे मरण्यासारखे होते ते मेले. जे मेले नाहीत त्यांची पिल्लं झाली. तीही न मरणारी. एवढंच तर होतं त्या पानभरात.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "बाई, हे उद्या तिनही औषधं मिसळून मारनार म्हनतात. वरच्या बांध्या त आजच मारून आले. खोलातल्या उद्या. तुमी येता का?"

खोलातल्या बांध्या म्हणजे घराचं वर्षाचं अन्न. वरच्या जमिनीत हलका धान, तो विकायचा. खोलात भारी धान. तो घरचा, पाहुण्यांचा, पल्लवीच्या पुढच्या शिक्षणाचाही. सगळ्यात उशिरा निसवणारा, म्हणून तुडतुड्याला सगळ्यात जास्त वेळ सापडणारा. तो गेला तर त्या घरात वर्षभर तांदूळ विकत येणार होता, आणि धान पिकवणाऱ्या घरात विकतचा तांदूळ शिजणं काय असतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मी सकाळच्या पहिल्या गाडीने गेले.

दादा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उकिडवा बसून ड्रममध्ये काठीने ढवळत होता. पांढरं, घट्ट, फेसाळ. तीन बाटल्या बाजूला. वासाने डोळ्यांतून पाणी आलं. तोंडाला त्याच्या नुसता गमछा.

"दादा, थांब जरा."

"थांबून थांबून त हे झालं." त्याने काठीने दाखवलं. खोलातल्या बांधीत मधोमध गोल पडला होता. परातीएवढा.

मी साडी खोचली आणि आत उतरले. पोटऱ्यांवर मोहरी उडायला लागली. धानाचा एक चूड, एका जागी वाढलेला झुबका, दोन्ही हातांनी फाकवला आणि म्हटलं, "ये, बघ. कुठे बसलाय तो? खाली. तू मारतो कुठे? वर."

"खालीबी मारीन."

"आणि हे कोण आहेत?" बुंध्यातून दोन कातिणी, म्हणजे कोळी, पळाल्या. "ह्या त्याला खातात. तुझ्या वरच्या बांधीत कालपासून एक तरी दिसली का?"

दादा उठला. वरच्या बांधीत गेला, चूड फाकवले, एक, दोन, बरेच. परत आला. "नाई." मग लगेच, "पन तुडतुडाबी कमी दिसते."

"चार दिवस. मग जे उरलेत त्यांना खाणारं कोणी उरलेलं नाही. दादा, औषध नकली नाही. औषध तेच आहे, किडा तो राहिला नाही. बदलला."

तो हसला. मांडवातलं हसू. "आली माकडावर. किडा कसा बदलन वं? देवानं जो जसा बनवला तो तसाच राहते. कातीन कातीन राहते, तुडतुडा तुडतुडा राहते. कोनी पाह्यलं बदलताना?"

प्रश्न चोख होता. कोणी पाहिलं? मी चिखलात उभी, हातात धानाचा चूड, आणि माझ्याकडे उत्तर म्हणून फक्त छापलेली पानं. एका माणसाच्या आयुष्यात दिसत नाही, फार वर्षं लागतात, असं शाळेत शिकवलं होतं; ते त्याला सांगणं म्हणजे महाराजांच्या हाती आणखी एक विनोद देणं. दादा अडाणी नाही. इंजिनचा आवाज ऐकून तो कुठला भाग गेला ते सांगतो. त्याला पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि ही गोष्ट विज्ञानाच्या विरोधातली कशी म्हणायची?

"मग काय करू म्हनतं?" त्याने विचारलं.

"फवारणी थांबव. बांधीतलं पाणी काढ. चार दिवस जमीन उघडी पडू दे, बुंध्याला वारा आणि ऊन लागू दे. धान ओळीओळीने फाकव, पट्टे कर."

त्याच्या हातातली काठी थांबली. "पानी काढू? दुधातल्या धानाचं?"

धान पिकवणाऱ्यालाच यातली भीती कळेल. तलावाचं ते शेवटचं पाणी. पाळीने आलेलं, त्यासाठी पहाटे कालव्यावर जाऊन बसलेलं, शेजाऱ्याशी शब्दाला शब्द झालेला. लोंबी भरत असताना ते सोडून द्यायचं म्हणजे पाळण्यातल्या मुलाच्या तोंडचं काढण्यासारखं. आमच्या गावात असं कोणी केलं नव्हतं.

धुऱ्यावर सुखदेव येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं. "सोड गा मोरेसरभाऊ, सोड! माह्याचकडं येईन. फुकटचं पानी!" आणि माझ्याकडे वळून, "ताई, दुकान बुडालं आता भावाले बुडवाले आल्या का?"

मी हातातला चूड सोडला.

वहिनी तेवढ्यात वरच्या अंगाने आली. काखेत विळा, हातात लोंब्यांची जुडी. हलक्या धानातलं ती बियाणं निवडत होती. आमच्याकडे कापणीआधी घरातली बाई एकटी बांधीत फिरते. भरलेली, निरोगी, वाकलेली लोंबी पाहून तेवढीच कापते. तिच्या आधी माझी आई फिरायची. त्या जुड्या आढ्याला टांगतात, आणि पुढच्या वर्षी त्यातूनच पेरणी. सारं शांतपणे चालतं, कोणाशी न बोलता, जणू देवाचं काम.

मी तिच्या हातातली जुडी घेतली. ती दादासमोर धरली.

"ही पोचट का नाही?"

"निवडून आनली म्हनून."

"आईच्या वेळी आपला धान एवढा भरायचा?"

त्याने एक लोंबी बोटांनी चाचपली. "नाई. बारकी होती लोंबी. मायनं सालोसाल निवडली तवा ..." तो बोलता बोलता थांबला.

"देवानं बनवला होता तसाच राहिला का मग धान?"

"ते आपन केलं."

"हो. वहिनी विळ्याने निवडतात. तू पंपाने निवडतोस. ज्याला औषध लागू पडतं तो मरतो. ज्याला लागू पडत नाही तो राहतो आणि त्याचीच पिल्लं होतात. तुझं पीक वर्षातून एकदा येतं. त्याचं पीक एका हंगामात तीन-चारदा येतं. तुला पाहायचं होतं ना बदलताना? मग आजवर काय बघत आलास?"

ड्रममधला फेस हळूहळू बसत होता. वहिनीने माझ्या हातातून जुडी परत घेतली. मी ती फार जोरात धरली होती, काही दाणे गळले होते. ते तिने वेचले.

दादाने काठी ड्रममध्येच सोडली. फावडं उचललं आणि खोलातल्या बांधीच्या धुऱ्याला वाट केली. पहिल्यांदा एक ढेकूळ निघालं, मग पाणी स्वतःच वाट रुंद करत गेलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, धान गेला त तुह्या घरून वर्षभर तांदूळ आनीन."

"आण," मी म्हटलं.

पुढचे दिवस मी दुकानात होते आणि नव्हतेही. युरियाच्या गोणीला बियाण्याचं बिल केलं. गावाच्या मोबाइल ग्रुपवर माझ्या दुकानाचा व्हिडिओ फिरत होता आणि त्याच्याखाली कोणी दादाच्या कोरड्या बांधीचा फोटो टाकला: शास्त्रज्ञाचं शेत. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. चिखलाला भेगा पडू लागल्या होत्या. वहिनी रोज सकाळी एकच वाक्य सांगायची, "गोल तेवढाच आहे," आणि मी रोज विचारायची, "नक्की?" एके सकाळी तिने ते वाक्य सांगितलं नाही. म्हणाली, "वरच्या बांधीत दोन पडले." मी धरलेला श्वास सोडला आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण वरची बांधीही त्याचीच होती.

शेवटी असं झालं. तिन्ही औषधं मिसळून मारलेल्या वरच्या बांध्या तुडतुड्याने पार जळाल्या. खोलातल्या बांधीतला गोल परातीएवढाच राहिला, कडेने थोडा खात गेला आणि थांबला. भारी धान घरी आला. सगळा नाही, बराच.

आता इथे मला सांभाळून लिहिलं पाहिजे. त्याच आठवड्यात थंडी पडली होती, आणि थंडीने तुडतुडा तसाही ओसरतो. वरच्या बांधीत धान वेगळा, जमीन वेगळी. दोन बांध्यांनी काही सिद्ध होत नाही. प्रयोग करायचा तर एकसारख्या बांध्या, एकच धान, पुन्हा पुन्हा. मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला. "तू जिंकली त जिंकली म्हन ना बापा! उलटं काऊन बोलून राहिली?" मी म्हटलं, याला जिंकणं म्हणत नाहीत. त्याला ते मांडवातल्या विनोदापेक्षाही विचित्र वाटलं. आपल्याकडे बरोबर ठरलेल्या माणसाने शंका काढायची नसते.

दिवाळीनंतर गावची मंडई, आमच्याकडची जत्रा, भरली. दंडारीचा खेळ उभा राहिला, जिलेबीच्या कढया, माहेरी आलेल्या लेकी, धुळीत फिरणारे फुगे. दादा चहाच्या टपरीवर चार जणांना सांगत होता, "तुडतुडा हुशार झाला आता. शिकला. औषध पाहून लपते." माझ्या अंगावर काटा आला. किडा शिकत नाही, हुशार होत नाही. जे मेले ते बिचारे शिकले नाहीत आणि जे उरले तेही नाहीत. पण लोक मान हलवत होते, एकाने विचारलं, मग काय करायचं, आणि दादा म्हणाला, पानी काढायचं. निष्कर्ष बरोबर, कारण चूक. मी दुरुस्त करायचं की गप्प बसायचं? त्या दिवशी गप्प बसले. हिवाळाभर मात्र तो भेटला की सांगत राहिले. तो वैतागून म्हणायचा, "मार्क कापशीन का आता माहे?"

पल्लवीने पेपरात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तिने आपण होऊन सांगितलं, "जिराफ नाही काढला आत्या. धान काढला. लोंबी आणि विळा." त्याला गुण मिळाले की नाही ते तिलाही कळलं नाही. आता ती नागपूरला शिकते.

आणि मंदिरावरची माकडं आजही माकडंच आहेत. मी ती पाहते तेव्हा मला ती नापास वाटत नाहीत. त्यांचं त्यांच्या घरी चांगलं चाललं आहे.

तर आज सकाळी, झाडून झाल्यावर, दादाला फोन केला. तो म्हणाला, "माहीत आहे. येऊनच राहिलो." अकराच्या सुमारास आला, काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसला आणि हक्काने माझ्या डब्यातले शेंगदाणे खाऊ लागला. त्याच्या पाठोपाठ सुखदेव. त्याच्या हातात पिशवी पाहिली आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. त्याने रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. या वर्षी एकच, आणि उलटी केली नाही, ठेवली.

"ताई, हेबी नकली निघालं. नवीन कंपनीचं होतं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "असलीच आहे गा औषध."

"मंग मरत काऊन नाई?"

"आपन दरसाल तुडतुड्याचं बियानं राखून राहिलो."

सुखदेव त्याच्याकडे बघत राहिला. मीही. हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नव्हतं. माझ्या पानभरात ते कुठेच नव्हतं.

"तुह्या घरी बियानं कोन निवडते?" दादाने विचारलं.

"माय."

"पोचट लोंबी ठेवते का ते?"

"कायले ठेवन?"

"तसंच. मरनारे मरून गेले. न मरनारे आपन राखले. आता बांधीभर त्यायचीच लेकरं आहेत."

सुखदेवने बाटली उचलली, बोटात फिरवली. मग त्याला सुटका सापडली. "म्हंजे मोरेसरभाऊ, मानूस माकडापासून झाला, तेबी मानतं का आता?"

दादाने शेंगदाण्याची टरफलं फुंकली. "त्याचं माह्यं अजून ठरलं नाई. हे मी बांधीत पाह्यलं. तवा मी नव्हतो." मग माझ्याकडे मान करून, "बाई म्हनते, चुलत नातं आहे."

"तुमचं असन," सुखदेव म्हणाला, आणि दोघंही हसले. मी हसले नाही. हसायचं नव्हतं म्हणून नाही, मला दादाचं 'अजून' ऐकू येत होतं.

सुखदेव बाटली पिशवीत टाकून निघाला. नवीन काही मागितलं नाही. पायरीवर थांबला. तिथे कोपऱ्यात झाडूतून सुटलेले चार-दोन तुडतुडे अजून होते; त्याने ते बुटाने उगाच घासले.

"पानी कधी काढतं तू?"

"आज. इथून गेल्यावर."

"मंग माह्याकडं नको सोडू अवंदा. नाल्याकडं वाट कर."

"काऊन गा? फुकटचं पानी ना?"

सुखदेव गाडीला किक मारत म्हणाला, "मीबी काढून राहिलो."